गौरीसाठी घरचा तेरडा : मे ते नोव्हेंबर २०२५ या काळातील नोंदी

११ मे २०२५, रविवार

गेल्या वर्षी गौरी आवाहनाच्या सकाळी बाजारातून आणलेल्या तेरड्याच्या जुडीतील सात रोपांपैकी चार रोपांना मूळच नव्हते. ती विळ्याने कापून आणलेली होती आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांची पाने माना टाकून बसली होती. आमच्या सासूबाई गुहागर तालुक्यातल्या. त्यांच्या माहेरी गौर म्हणजे मुखवट्याआधी तेरडा, आणि तोही मुळासकट उपटलेला, कारण मुळे ही गौरीची पावले मानली जातात. त्या जुडीकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "पावलांवाचून गौर घरात चालत कशी यायची गं?" त्यावर उत्तर नव्हते, म्हणून या वर्षी तेरडा घरी लावायचा असे ठरवले. तो कसा, कधी आणि किती जगला हे पुढच्या वर्षी उपयोगी पडावे यासाठी ही वही.

या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे आणि गौरी आवाहन ३१ ऑगस्टला, रविवारी. त्या दिवशी निदान पाच रोपे फुलांसह आणि मुळांसह तयार हवीत. कोकणात हे झाड कोणी लावत नाही. पहिल्या पावसाबरोबर बांधावर, वईच्या कडेला, गडग्याच्या फटीत ते आपले आपण उगवते आणि श्रावण-भाद्रपदात फुलते. ठाण्यातील इमारतीच्या तळमजल्यावर मात्र बांध नाही. स्वयंपाकघरामागे, इमारत आणि आवारभिंत यांच्यामध्ये चार फूट रुंद आणि चौदा फूट लांब अशी मातीची पट्टी आहे. तिच्यावर सकाळी साडेसातपासून साधारण साडेअकरापर्यंत ऊन असते आणि नंतर दिवसभर उजेड असला तरी सावली असते. तेरड्याला भर दुपारचे रखरखीत ऊन सोसत नाही आणि पूर्ण अंधारी जागा दिली तर तो लांबट, किरटा होतो, हे पाहता ही जागा त्याच्यासाठी वाईट नाही.

बियाणे गेल्या ऑक्टोबरात गावाहून आणलेले आहे. गुलाबी, एकेरी पाकळीचा, रानात असतो तोच हा तेरडा. ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवले होते. आज त्यातील वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या.

१८ मे, रविवार

वीसपैकी चौदा बियांना कोंब आले. पहिला पाचव्या दिवशी आणि शेवटचा सातव्या दिवशी दिसला. म्हणजे पाच रोपांसाठी दहा बिया पुरल्या असत्या, पण गोगलगायी, पाऊस आणि माझा अननुभव जमेस धरून प्रत्येक वेळी चाळीस बिया पेरायच्या ठरवले.

पट्टीतील माती पाहिली तर वरच्या वीतभर थराखाली बांधकामाचा राडारोडा निघाला. विटांचे तुकडे आणि वाळलेले सिमेंट वेचून दोन घमेली भरली. तेरड्याचे खोड काचेसारखे पाणीदार असते आणि मुळे फारशी खोल जात नाहीत, त्यामुळे त्याला ओल सतत लागते. पण पाणी साचले की तेच पाणीदार खोड बुंध्यापासून सडते. हे दोन्ही साधण्यासाठी लाल मातीत निम्मे जुने शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळले, थोडी निंबोळी पेंड घातली आणि वाफा जमिनीपासून वीतभर उंच करून भिंतीच्या बाजूला उतार दिला. उकरलेल्या विटांच्या तुकड्यांची त्याला कड लावली.

पेरणी तीन वेळा करायची आहे : मेच्या अखेरीस, जूनच्या मध्यावर आणि जुलैच्या सुरुवातीस. पेरणीपासून साठ ते सत्तर दिवसांत फूल येते असे सर्वसाधारणपणे धरतात, आणि त्या हिशेबाने मधली पेरणी अचूक ठरायला हवी. आधीची आणि नंतरची पेरणी हा विमा समजावा.

२७ मे, मंगळवार

शनिवारी, २४ तारखेला पहिली पेरणी केली आणि त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाल्याची बातमी आली. तो मुंबईत यायला पंधरवडा तरी लागेल असे गृहीत धरून मी वाफा उघडाच ठेवला होता. प्रत्यक्षात तो काल, २६ तारखेलाच मुंबईत पोहोचला. मुंबईत इतक्या लवकर मोसमी पाऊस आल्याची नोंद नाही, असे हवामान खात्याने सांगितले. इमारतीच्या गच्चीचे पन्हळ नेमके या पट्टीच्या वर उघडते, हे दहा वर्षे येथे राहूनही माझ्या लक्षात आले नव्हते. त्या धारेने वाफ्याच्या मधोमध ओहोळ पाडला आणि बहुतेक बिया आवारभिंतीच्या मोरीतून निघून गेल्या.

पन्हळाला खाली नळीचा तुकडा जोडून पाणी वाफ्याबाहेर काढले. पेरणी पुन्हा केली नाही, कारण काय उरते ते पाहण्यातही अर्थ आहे.

५ जून, गुरुवार

मेच्या अखेरीपासून पाऊस थबकला आहे आणि पुन्हा मेसारखे ऊन पडू लागले आहे. ओहोळाच्या कडेला नऊ रोपे उगवलेली दिसतात. पहिली दोन पाने गोलसर आहेत. त्यांच्यामधून निघणारी खरी पाने निमुळती आणि करवतीसारख्या कडांची आहेत. दुपारी ही इवली रोपे मलूल होतात, संध्याकाळी पाणी घातले की तासाभरात सावरतात. मात्र मलूल दिसले की लगेच पाणी घालणे ही सवय चुकीची ठरू शकते, हे लक्षात ठेवले आहे. ऊन उतरल्यावर ती आपोआप उभी राहिली तर तहान नव्हती, केवळ उकाडा होता. बोट पेरभर मातीत घालून ओल लागते का हे पाहूनच पाणी द्यायचे.

१४ जून, शनिवार

दुसरी पेरणी केली. या वेळी बिया थेट वाफ्यात न टाकता तळाला भोके पाडलेल्या दोन पसरट ट्रेमध्ये, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात घेऊन पेरल्या आणि वर बी जेमतेम झाकेल इतकाच थर दिला. ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या छज्जाखाली ठेवले आहेत. पाऊस पुन्हा सुरू होण्याची चिन्हे आहेत.

२४ जून, मंगळवार

ट्रेमध्ये तेहेतीस रोपे आली होती. काल सकाळी त्यांपैकी अकरा जमिनीलगत चिमटा घेतल्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली दिसली. पाने हिरवी आणि टवटवीत, पण खोड मातीच्या रेषेवर काळपट आणि मऊ. याला रोपे कोलमडणे म्हणतात. मातीतल्या बुरशीमुळे हे होते आणि दाट पेरणी, कोंदट हवा आणि सतत भिजलेला वरचा थर या तीन गोष्टी तिला आयत्या मिळाल्या की एका रात्रीत निम्मा ट्रे आडवा होतो. तिन्ही गोष्टी मीच पुरवल्या होत्या. छज्जाखाली पाऊस लागत नाही म्हणून मी रोज झारीने वरून पाणी घालत होते.

पडलेली रोपे आजूबाजूच्या कोकोपीटसह चमच्याने उचलून फेकली, ती खतात टाकली नाहीत. उरलेली विरळ करून दोन रोपांमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवले. आता पाणी वरून घालायचे नाही. ट्रे दहा मिनिटे परातीतल्या पाण्यात ठेवून उचलायचा, म्हणजे खालून ओल चढते आणि वरचा थर कोरडा राहतो.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

ट्रेमधील एकोणीस रोपे चार-चार, पाच-पाच पानांवर आली आहेत. त्यांतील बारा वाफ्यात एकमेकांपासून वीतभर अंतरावर आणि सात कुंड्यांमध्ये लावली. रोपे उचलताना खोडाला धरायचे नाही, पानाला किंवा मातीच्या गठ्ठ्याला धरायचे, कारण खोड एकदा चेपले की ते भरून येत नाही. हे काम संध्याकाळी पाच वाजता, ढगाळ हवेत केले. त्याच वेळी रिकाम्या झालेल्या एका ट्रेमध्ये तिसरी पेरणी केली.

काल रोपवाटिकेत जाणे झाले. तेथे 'बाल्सम' या नावाने डबल पाकळ्यांच्या तेरड्याचे पाकीट मिळाले. त्याची फुले गुलाबासारखी भरगच्च आणि पांढरी, लाल, जांभळी अशी मिश्र असतात. शेजारीच 'इम्पेशन्स' म्हणून ठेंगणी, पसरट, चपट्या फुलांची रोपे होती. बागेची हौस असलेल्या पुष्कळांना ही दोन वेगळी झाडे वाटतात. खरे तर ही एकाच वंशातली (genus) दोन भावंडे आहेत. इम्पेशन्स हेच त्या वंशाचे शास्त्रीय नाव, त्याचा लॅटिनमधला अर्थ अधीर किंवा उतावीळ, आणि तो शेंगांच्या स्वभावावरून पडला आहे. आपला तेरडा म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना, हा भारतीय उपखंडाच्या परिसरातला. रोपवाटिकेतला ठेंगणा प्रकार म्हणजे इम्पेशन्स वॉलेरियाना, हा पूर्व आफ्रिकेतला. होरेस वॉलर या इंग्रज धर्मोपदेशकावरून त्याचे नाव ठेवले आहे. तेरडा एक पावसाळा जगतो, तर वॉलेरियाना दंव नसलेल्या हवेत सावलीत वर्षानुवर्षे टिकू शकतो. मी वॉलेरियानाची दोन रोपे घेतली, केशरी आणि पांढरे. ती गौरीसाठी नाहीत. खिडकीत सावली फार आहे आणि तिथे दुसरे काही फुलत नाही, एवढेच.

२० जुलै, रविवार

गोगलगायी. वाफ्यातल्या बारापैकी चार रोपांचे फक्त खुंट उरले आहेत आणि विटांच्या कडेवर चकाकणाऱ्या चिकट रेघा आहेत. रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन गेले तेव्हा सतरा गोगलगायी मोजल्या, त्यातील काही बोटाएवढ्या लांब शंखाच्या. ही मोठी आफ्रिकी शंखी गोगलगाय. तिने राज्यात सोयाबीनचेही मोठे नुकसान केलेले आहे. विटांची कड ही तिची धर्मशाळा झाली होती, आणि ती मीच बांधून दिली होती.

विटा काढून टाकल्या. शेतकऱ्यांना सांगितला जाणारा उपाय केला : गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या टोकाला पसरायचे आणि पहाटे उचलायचे. पहिल्या पहाटे त्याखाली एकवीस आणि दुसऱ्या पहाटे नऊ सापडल्या. त्या हातमोजे घालून गोळा केल्या आणि मिठाच्या घट्ट पाण्याच्या बादलीत टाकल्या. मीठ वाफ्यावर टाकण्याचा सल्ला शेजारून आला होता, पण त्याने गोगलगायीच्या आधी माती मरते. गोणपाट आता महिनाभर रोज घालायचे आहे.

मेमधील पेरणीतून वाचलेल्या नऊ रोपांपैकी सहा आता गुडघ्याच्या वर गेली आहेत. त्यांची खोडे लालसर आहेत आणि पेरांवर फुगलेली आहेत. त्यांना गोगलगायींनी हात लावलेला नाही; कोवळेपणीच काय तो धोका दिसतो.

३ ऑगस्ट, रविवार

मेच्या रोपांना पानांच्या बगलेत कळ्या दिसू लागल्या. जूनच्या रोपांनाही बारीक कळ्या आहेत, हे मात्र अपेक्षेपेक्षा लवकर आहे.

आज एका रोपाची वरची सगळी पाने गायब होती आणि खाली मातीवर मिरीएवढ्या विष्ठेच्या गोळ्या होत्या. शोधल्यावर बोटभर लांबीची, काळपट, दोन्ही अंगांना पिवळ्या-नारिंगी डोळ्यांसारख्या टिपक्यांची रांग असलेली आणि शेपटाकडे काट्यासारखे शिंग असलेली अळी सापडली. ही हॉकमॉथ नावाच्या मोठ्या पतंगाची अळी, तेरडा हे तिचे आवडते खाद्य. तिला मारले नाही. एक रोप तिच्या नावे केले आणि तिला उचलून तेथे ठेवले. सहा रोपे असताना हा उदारपणा परवडतो. दोनच असती तर परवडला असता की नाही, याचा भरवसा मला देता येत नाही.

पानांच्या देठांवर मुंग्या फिरतात. आधी मावा पडला असे समजून कडुलिंबाच्या तेलाची फवारणी करायला निघाले होते, पण भिंगाने पाहिल्यावर कळले की देठावर बारीक ग्रंथी आहेत आणि त्यांतून गोडसर रस पाझरतो, मुंग्या त्यासाठी येतात. मावा नाही. फवारणीचा पंप परत ठेवला.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिले फूल मेच्या रोपाला ५ ऑगस्टला आले आणि जूनच्या रोपाला आज, ११ ऑगस्टला. दोन पेरण्यांमध्ये एकवीस दिवसांचे अंतर होते, फुलण्यात मात्र केवळ सहा दिवसांचे. म्हणजे एका रोपाला फुलायला त्र्याहत्तर दिवस लागले आणि दुसऱ्याला अठ्ठावन्न. 'साठ ते सत्तर दिवस' हा माझा हिशेब दोन्हीकडे चुकला आणि चुकण्याची दिशाही उलटी आहे.

याचे कारण वयात नसून दिवसाच्या लांबीत आहे. तेरडा हे लहान दिवसांचे झाड आहे : उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसांत ते पाने आणि उंची वाढवत राहते आणि जूनच्या अखेरीनंतर रात्री लांबू लागल्या की फुलोऱ्याकडे वळते. भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलोऱ्याच्या अभ्यासासाठी याच गुणामुळे तेरड्यावर पुष्कळ प्रयोग केले आहेत. कोकणातील बांधावर कोणी आठवड्यांचा हिशेब न करताही तो गौरीच्या सुमारास का फुलतो, याचा उलगडा यातून होतो. लवकर पेरल्याने फूल फारसे लवकर येत नाही, फक्त झाड उंच होते. माझी मेची रोपे कमरेपर्यंत आली आहेत आणि वाऱ्याने कलू लागली आहेत, तर जूनची मांडीपर्यंत, आटोपशीर आणि बुंध्याला जाड आहेत.

एका कुंडीत शेणखताचे पाणी दर आठवड्याला घालत होते, इतरांना पंधरा दिवसांनी. त्या कुंडीतले रोप सर्वांत हिरवेगार आहे आणि त्याला अजून कळी नाही. सासूबाई त्याला 'लाडोबा' म्हणतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले. ती कितपत खरी आहे हे मोजून पाहायचे ठरवले. गेल्या सोमवारपासून उमललेल्या दहा फुलांच्या देठांना वेगवेगळ्या रंगांचे शिलाईचे दोरे सैल बांधले आणि सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली.

फूल पाहताना एक गोष्ट समजली. उमलल्यावर फुलाच्या तोंडाशी पांढरट टोपी दिसते. ती जोडलेल्या पुंकेसरांची असते आणि तिच्यातून पराग मिळतो. दीड-दोन दिवसांनी ती टोपी अख्खी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेले हिरवे टोक, म्हणजे स्त्रीकेसर, उघडे होते. म्हणजे तेच फूल आधी नर असते आणि मग मादी होते, त्यामुळे त्याचा पराग त्यालाच लागणे टळते. मागे वाकडी, बारीक सोंडेसारखी नळी असते, तिच्यात मध असतो. सकाळी आठच्या सुमारास निळ्या पट्ट्यांची एक मधमाशी नेमाने येते आणि तिच्या पाठीला पांढरी पूड लागलेली दिसते.

दहापैकी सहा फुले तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गळाली, तीन चौथ्या दिवशी, आणि एक, जे कालच्या जोरदार सरीत सापडले, दुसऱ्याच दिवशी. तेव्हा म्हणीने फुलाचा हिशेब बरोबर सांगितला आहे. झाडाच्या बाबतीत मात्र ती अन्यायच करते, कारण प्रत्येक पानाच्या बगलेत दोन-तीन कळ्या वयाने मागेपुढे असतात आणि ५ ऑगस्टपासून आजपर्यंत पहिले झाड एकही दिवस फुलाविना नव्हते.

२० ऑगस्ट, बुधवार

चार-पाच दिवस पाऊस कोसळतो आहे. सोमवार आणि मंगळवार तर घराबाहेर पडणेच शक्य नव्हते. आवारात घोटाभर पाणी होते. वीतभर उंचीच्या वाफ्याने आपले काम केले, मुळांपाशी पाणी उभे राहिले नाही. उंच वाढलेल्या मेच्या रोपांपैकी चार मात्र आडवी झाली आणि त्यातील दोन पेरावर मोडली. बांबूच्या काड्या आधीच लावायला हव्या होत्या. जूनची आठही रोपे उभी आहेत, फुले मात्र सगळी झडून वाफ्यावर गुलाबी सडा पडला आहे. तो हाताने वेचून काढला, कारण कुजलेल्या पाकळ्या पानावर चिकटून राहिल्या की तेथून बुरशी सुरू होते.

खिडकीतील पांढऱ्या वॉलेरियानाची खालची पाने पिवळी पडून गळत आहेत. मनात भलतीच शंका आली. या प्रकाराला केवडा रोग होतो, तो २०११ आणि २०१२ साली अमेरिकेतील बागांमध्ये इतका पसरला की लोकांनी हे झाड लावणेच सोडले आणि न्यू गिनी इम्पेशन्सकडे वळले, कारण त्याला हा रोग फारसा बाधत नाही. भुरी हा वेगळा रोग पानाच्या वर दिसतो, केवडा पानाच्या खाली पांढऱ्या लवेसारखा दिसतो. पाने उलटी करून पाहिली, खाली काहीही नव्हते. कुंडीखालच्या बशीत मात्र पाणी साचले होते. बशी काढून टाकली.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

धावपळीत एकच नोंद. ६ जुलैच्या पेरणीतील पहिले फूल आज उमलले, बावन्नाव्या दिवशी. झाड जेमतेम गुडघ्याइतके आहे. जूनच्या रोपांवर नवीन कळ्या भरपूर आहेत.

३१ ऑगस्ट, रविवार, गौरी आवाहन

तेरडा उपटणे सोपे असते अशी माझी समजूत होती. पहिले रोप बुंध्याला धरून ओढले आणि ते दुसऱ्या पेरावर काडीसारखे तुटले. हातात फुलांचा झुबका, जमिनीत पावले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त खुरपे पुढे केले.

त्यानंतर वाफा झारीने भिजवला, पंधरा मिनिटे थांबले, खुरपे बुंध्यापासून चार बोटे दूर तिरके घालून खालून माती सैल केली आणि रोप मातीच्या गोळ्यासकट उचलले. मुळे बादलीत हलकेच खळबळून धुतली. बुंध्याच्या सर्वांत खालच्या पेरातून चहूकडे फुटलेली लालसर, जाड मुळे पाण्यात पसरली तेव्हा पावलांची कल्पना कोठून आली असेल हे कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

पाच रोपे जूनच्या पेरणीतील घेतली, शिवाय हळदीची दोन पाने. मुळांभोवती ओले सुती फडके आणि त्यावर केळीची साल गुंडाळून जुडी बांधली, फडके साडीच्या निऱ्यांआड झाकले गेले. रोपे उपटल्यावर तासाभरात पाने लोंबली होती, पण संध्याकाळपर्यंत फडक्यातून पाणी चढून ती सावरली. सूनबाई म्हणून उंबरठ्यावरून गौर आत आणताना दर वर्षी विचारतात तसे यंदाही विचारले गेले, "गौर आली कोठून?" दर वर्षीचे उत्तर ठरलेले असते, सासूबाईंनी यंदा आतूनच सांगून टाकले, "मागल्या दारातून."

२ सप्टेंबर, मंगळवार, गौरी विसर्जन

तीन दिवसांत फडके सहा वेळा भिजवले. जुन्या फुलांपैकी आज एकही शिल्लक नव्हते, पण काल आणि आज मिळून पाचही रोपांवर नवीन सात फुले घरातच उमलली. मुखवटे पेटीत गेले. रोपांचे विसर्जन घरच्या बादलीत केले. त्यांतील दोन रोपे कोमेजली होती, ती खताच्या खड्ड्यात गेली; उरलेली तीन, सासूबाईंची परवानगी घेऊन, खालचे पेर मातीत जाईल इतकी खोल पुन्हा लावली. तेरड्याला पेरांतून मुळे फुटतात, बघू.

२१ सप्टेंबर, रविवार

साताऱ्याला भाच्याकडे गेलो होतो, कास पठारावर जाणे झाले. तेथील गुलाबी गालिचा हाही तेरडाच, पण इम्पेशन्स लॉवी, वीतभर उंचीचा आणि फक्त उत्तर सह्याद्रीत आढळणारा. खडकावर बोटभर माती, त्यावरून सतत झिरपणारे पाणी, आणि ते कोठेही थांबत नाही. माझ्या कुंड्यांच्या तळाशी पुढील वर्षी खापऱ्यांचा थर जाड करायचा. एक पर्यटक तेथील रोप पिशवीत घालत होता. पठारावरच्या मावशींनी त्याला जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही, मात्र ऐकण्यासारखे होते.

पुन्हा लावलेल्या तीनपैकी दोन रोपांनी मूळ धरले आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

शेंगा तयार होत आहेत. त्या दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे फुगीर आणि लवदार असतात. हिरवी शेंग दाबली तर काही होत नाही. ती किंचित पिवळसर, पारदर्शक दिसू लागली की नुसत्या स्पर्शाने तडकते, तिच्या पाच पाकळ्या आतल्या बाजूला झटक्यात गुंडाळल्या जातात आणि बिया हातभर दूर उडतात. लहानपणी हा खेळ होता, आता हेच नुकसान आहे. जुन्या मलमलच्या पदराच्या बोटभर पिशव्या शिवून पंचवीस शेंगांना बांधल्या. त्या जूनच्या पेरणीतल्या रोपांनाच बांधल्या आहेत. ज्या रोपांनी वादळी पाऊस सोसला त्यांचे बी हवे. डबल पाकळीच्या पाकिटातील रोपे चांगली फुलली, पण त्यांच्या जड फुलांत पाणी साचून ती देठावरच कुजत होती. कोकणच्या पावसात एकेरी तेरडाच बरा, असे माझे मत झाले.

२६ ऑक्टोबर, रविवार

बिया चार दिवस सावलीत वाळवून बाटलीत भरल्या, अंदाजे तीनशे. बाटलीवर लिहिले : 'गुलाबी एकेरी, पेरणी १० ते २० जून, मेमध्ये पेरू नये, काड्या जुलैतच लावाव्यात.' एक पुडी सासूबाईंनी मागून घेतली; त्या गुहागरला पाठवणार आहेत, जेथून हे बी आले होते तेथेच. तेथे बांधावर हवे तेवढे उगवते हे त्यांना सांगून पाहिले.

वॉलेरियाना सावरला आहे. त्याचे लांबलेले शेंडे खुडले आणि ते ग्लासात पाण्यात ठेवले, मुळे फुटतील. कालपासून अवकाळी पाऊस सुरू आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाफा रिकामा केला, वाळलेली खोडे खतात गेली.

सकाळी आवारभिंतीपलीकडच्या काकूंनी बोलावले. त्यांच्या तुळशीच्या कुंडीत, माझ्या वाफ्यापासून भिंतीसह साडेपाच फुटांवर, एक रोप उगवले आहे. ऑक्टोबरच्या पावसात रुजलेले असावे. उंची माझ्या चार बोटांइतकी, पाने सहा, आणि वरच्या पानाच्या बगलेत एक गुलाबी कळी. दिवस आता इतके लहान झाले आहेत की त्याने वाढण्याची वाटच पाहिलेली नाही. काकूंना ते उपटून देऊ का असे विचारले, त्या म्हणाल्या, "राहू दे, तुळशीला सोबत." कळीला निळा दोरा बांधून आले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निळ्या दोऱ्याचे फूल आज सकाळी उमललेले होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी सहा वाजता अजून आहे.